बाळाला पोहायला शिकवू, की आधी हौद झाकू?

मागच्या अंकात उन्हाळ्यातल्या लहान मुलांच्या दुखण्यांवर लिहिलं होतं, त्यात शेवटी दोनच ओळी पाण्याबद्दल होत्या, की घरात भरून ठेवलेल्या पाण्याजवळ मूल एकटं सोडू नका. पत्रं आणि मेसेज सगळ्यात जास्त त्या दोन ओळींवरच आले. जळगाव, अमळनेर, यावल, धुळे, शहादा, थेट धडगावपर्यंत. म्हणून यावेळी अख्खं सदर पाण्यालाच दिलंय. नावं नेहमीप्रमाणे काढून टाकली आहेत.

डॉक्टरताई, माझी मुलगी 9 महिन्यांची आहे. इन्स्टावर सारखे व्हिडिओ येतात, इतकुशी बाळं पाण्यात सोडतात आणि ती आपोआप पालटून पाठीवर तरंगतात. पुण्याला माझी जाऊ राहते, ती म्हणते इथे बेबी स्विमिंगचे क्लास आहेत, सुट्टीत महिनाभर ये. सासूबाई म्हणतात काही गरज नाही. मानेत घालायची फुग्याची रिंग पण ऑनलाइन मिळते, ती घेऊ का? — एक आई, जळगाव

ताई, व्हिडिओतली बाळं खरोखर तरंगत असतात, पण "आपोआप" हे खरं नाही. ही पद्धत अमेरिकेत फ्लोरिडात हार्वे बार्नेट यांनी 1966 साली सुरू केली. त्यात सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाला रोज साधारण 10 मिनिटं, आठवड्याचे पाच दिवस, असं कित्येक आठवडे एकेकट्याला शिकवतात. पाण्यात पडलं की पाठीवर पालटायचं, तोंड वर ठेवायचं, श्वास घेत राहायचं. जरा मोठं मूल असेल तर थोडं पोहायचं, परत पालटून श्वास घ्यायचा आणि काठ धरायचा. तुम्ही जे 30 सेकंदात बघता त्याच्यामागे एवढी मेहनत असते, आणि शिकवणारा माणूस फक्त हेच काम शिकलेला असतो. व्हिडिओ बघून कोणी घरच्या टबात किंवा हॉटेलच्या पूलमध्ये बाळाला "सोडून बघू" म्हणत असेल तर हात जोडून सांगते, करू नका.

अगदी तान्ह्या बाळाला पाण्यात धरलं की ते क्षणभर श्वास रोखतं, हातपाय मारतं, हेही खरंय. पण ती जन्मजात प्रतिक्रिया आहे, पोहणं नाही, आणि साधारण सहा महिन्यांत ती कमी होत जाते. त्या वयात बाळाला श्वासासाठी मान पाण्याबाहेर काढताच येत नाही.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं असं आहे की एक वर्षाच्या आतल्या बाळांना असे क्लास लावल्याने बुडण्याचा धोका कमी होतो याचा पुरावा नाही. एक ते चार वर्षांच्या मुलांना मात्र पोहण्याच्या शिकवणीचा फायदा होऊ शकतो, आणि चार वर्षांनंतर तर बहुतेक सगळ्यांनी शिकावंच. 2009 साली तिकडच्या एका अभ्यासात एक ते चार वयातल्या शिकवणी घेतलेल्या मुलांमध्ये बुडण्याचा धोका 88 टक्क्यांनी कमी दिसला होता. आकडा मोठा आहे पण अभ्यासात मुलं थोडी होती, त्यामुळे तो छातीला लावून बिनधास्त व्हायचं नाही.

आता जळगावच्या घरातला धोका कुठे आहे ते बघा. तुमची लेक स्विमिंग पूलमध्ये पडण्यापेक्षा न्हाणीतल्या बादलीत डोकं खाली जाऊन पडण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे, आणि बादलीत पालटायला जागाच नसते. पाठीवर तरंगायची कितीही उत्तम सवय असली तरी तिथे ती काही कामाची नाही. म्हणून सध्यापुरतं सासूबाईंचं बरोबर आहे. पुण्याला जायचंच असेल तर पाण्याशी ओळख, आईशी खेळ म्हणून जा, जीव वाचवायची विद्या म्हणून पैसे मोजू नका. पाणी कोमट हवं, साधारण 32 अंश, वीस मिनिटं पुरे, पूर्ण वेळ तुमचा हात तिच्या अंगाला हवा आणि तिला सारखं पाण्याखाली बुचकळायचं नाही. बाळं पाणी गिळतात, फार गिळलं तर रक्तातलं मीठ उतरतं आणि उलट्या, गुंगी, कधी झटकेसुद्धा येतात. हगवण लागली असेल तर पाण्यात न्यायचंच नाही, इतरांच्या मुलांसाठी.

मानेची रिंग अजिबात नको. 2022 साली अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, या रिंगांबद्दल पालकांना सावध केलं होतं. हवा गेली किंवा हनुवटी निसटली की बाळ सरळ खाली जातं, मानेवर ताण येतो तो वेगळाच.

एक वर्ष उलटलं, चालायला लागली, की परत विचार करा. आणि चारच्या पुढे मात्र टाळू नका, तेव्हा सासूबाईंनाही मी सांगीन.

मॅडम, आमच्याकडे नळ रोज येत नाही, आला की सगळं भरून ठेवावं लागतं. अंगणात हौद, न्हाणीत दोन ड्रम, बादल्या, हंडे, कुलर. नातू 14 महिन्यांचा आहे, पळतो, एका जागी थांबत नाही. सूनबाई आणि मी दोघी घरात असतो तरी धाकधूक वाटते. — एक आजी, अमळनेर

आजी, तुमचं पत्र मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, कारण ही आपल्या खान्देशातल्या जवळजवळ प्रत्येक गावाची गोष्ट आहे. पाणी कमी म्हणून साठवण जास्त, आणि साठवण जास्त म्हणून लहान मुलाला धोका जास्त. बुडणं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तापीचा पूर येतो, पण रांगत्या-चालत्या मुलाला चार-पाच सेंटिमीटर पाणी पुरतं.

असं का होतं ते सांगते, कारण ते कळलं की मग कोणी "एवढ्याशा पाण्याने काय होतंय" असं म्हणत नाही. या वयात मुलाचं डोकं बाकी शरीराच्या मानाने जड असतं. ते बादलीच्या काठाला धरून आत वाकतं, हात घालतं, आणि तोल गेला की डोकं खाली पाय वर होतं. बादलीत तळाशी पाणी असेल तर ती त्याच्या वजनाने उलटत नाही, आणि हातांना उलटं ढकलून बाहेर यायची ताकद त्याच्यात नसते. आवाज येत नाही. तोंड पाण्यात असताना रडता येत नाही, हाक मारता येत नाही. स्वयंपाकघरातून ऐकू येईल म्हणून आपण निर्धास्त असतो पण ऐकू येण्यासारखं काही घडतच नाही. चार ते सहा मिनिटं मेंदूला प्राणवायू मिळाला नाही की इजा सुरू होते, म्हणजे दारात दूधवाल्याशी बोलून परत येईपर्यंत सगळं होऊन जातं.

आता करायचं काय. न्हाणीच्या दाराला बाहेरून, वरच्या बाजूला, मोठ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर कडी बसवून घ्या, सुताराला सांगितलं तर अर्ध्या तासाचं काम आहे. आणि घरातल्या सगळ्यांना, पाहुण्यांनासुद्धा, ती कडी लावायची सवय लावा. हौदाला लोखंडी जाळीचं किंवा पत्र्याचं झाकण, असं की मूल वर चढलं तरी आत जाणार नाही. नुसती फळी टाकून ठेवली तर ती सरकते, आणि फळीवर मूल चढून बसतं, ते जास्त वाईट. ड्रमला घट्ट बसणारी झाकणं. डेंग्यूच्या डासांसाठी आशाताई हेच सांगून जातात, एका झाकणात दोन कामं. बादली वापरून झाली की उपडी. दोन बादल्या भरून ठेवाव्याच लागत असतील तर त्या उंच ओट्यावर, जिथे त्याचा हात पोचत नाही.

कुलर. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या आसपास जातो, कुलरशिवाय जगता येत नाही, पण खाली पाणी आणि वर वीज अशी ही वस्तू आहे आणि लहान मुलांना तिचं भारी आकर्षण. बाहेर खिडकीत बसवता आला तर सगळ्यात बरं, आतच ठेवायचा असेल तर बाजूच्या जाळ्या नीट बसलेल्या हव्यात आणि अर्थिंग तपासून घ्या. संडासाचं दार, वॉशिंग मशीनचा टब, गुरांसाठी अंगणात ठेवलेलं घमेलं, हेही बघून घ्या. एकदा खाली बसून, नातवाच्या उंचीवरून घरभर फिरा, तुमचं तुम्हाला दिसेल.

तुम्ही दोघी घरात असता हे चांगलंच आहे, पण त्यातच एक खाच आहे. सूनबाईंना वाटतं आजी बघतायत, आजींना वाटतं सून बघतेय. म्हणून तोंडाने बोलून सोपवायचं, "हा आता तुझ्याकडे", आणि समोरच्याने "हो" म्हटल्याशिवाय हलायचं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात, घरात दहा माणसं आणि सहा पोरं असतात, तेव्हा तर हे नक्की करा. घर भरलेलं असलं की मूल सगळ्यांचं असतं आणि नेमकं कोणीच बघत नसतं.

नमस्कार डॉक्टर, यावल तालुक्यात केळीचं शेत आहे, शेततळं केलंय, कागद टाकलेला आहे. मुलगा 7 वर्षांचा, मुलगी 4 वर्षांची. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, कुटुंब शेतातच राहतं, त्यांचीही तीन लहान पोरं आहेत. मुलाला पोहायला शिकवलं तर शेततळ्याची भीती राहणार नाही ना? — एक शेतकरी

भाऊ, राहणार. शेततळं हे पोहता येणाऱ्यालाही बुडवतं, त्याचं कारण तुम्ही स्वतः लिहिलंय, कागद. उतारावरचा प्लॅस्टिकचा कागद ओला झाला, त्यावर शेवाळ धरलं, की त्याच्यावर पाय ठरत नाही. पोहत काठापर्यंत येता येतं पण वर चढता येत नाही, माणूस चढतो, घसरतो, चढतो, घसरतो आणि दमतो. "मागेल त्याला शेततळे" योजना 2016 मध्ये आली तेव्हापासून शेततळी पुष्कळ झाली, त्या योजनेत मोठ्यात मोठं तळं 30 बाय 30 मीटरचं आणि 3 मीटर खोल होतं. तीन मीटर म्हणजे तुमच्या डोक्यावरून वर आणखी जवळजवळ एक माणूस. आणि एकाला वाचवायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला तिसरा, अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो.

म्हणून पहिलं काम कुंपण. चारी बाजूंनी तारेची जाळी, मोठ्या माणसाच्या छातीएवढी तरी, खालून पोर सरपटत जाणार नाही अशी, आणि फाटकाला कुलूप. किल्ली तुमच्याकडे आणि सालदाराकडे, दोघांकडेच. केळीला ठिबक आहे म्हणजे मोटरपाशी रोज जाणं-येणं होणार, फाटक "दोन मिनिटं" उघडं राहणार, तीच दोन मिनिटं सांभाळायची. दुसरं काम, पडलेल्याला बाहेर यायला काहीतरी हवं. चारी काठांवर भक्कम खुंट ठोकून त्याला जाड दोर बांधा, हातभर अंतरावर गाठी मारा, दोर पाण्यात तळापर्यंत सोडलेला असू द्या. जुने टायर एकमेकांना बांधून उतारावर सोडले तरी शिडीसारखं काम होतं. एक हवा भरलेली ट्यूब दोरी बांधून फाटकाजवळ कायम टांगलेली, आणि एक लांब बांबू. तिसरं म्हणजे घरातल्या आणि शेतातल्या सगळ्यांना पाठ करून घ्यायचं, कोणी पडलं तर उडी मारायची नाही. आधी ओरडायचं, मग बांबू किंवा दोर पुढे करायचा, काही नसेल तर लुगडं, उपरणं, पाइपचा तुकडा, आणि तेही आडवं झोपून, म्हणजे आपण ओढले जात नाही. तरंगणारं काही असेल तर फेकायचं, रिकामा झाकण लावलेला ड्रम, कॅन, काहीही.

सालदाराच्या पोरांचा तुम्ही उल्लेख केलात हे मला फार बरं वाटलं, बहुतेक जण करत नाहीत. दिवसभर त्या पाण्याच्या आसपास तीच पोरं असतात, आईबाप कामावर आणि सात वर्षांची बहीण दोन वर्षांच्या भावाला सांभाळते. सात वर्षांच्या पोरीवर ही जबाबदारी टाकणं बरोबर नाही. बांगलादेशात यावर फार चांगलं काम झालंय. तिथे गावोगाव "आंचल" नावाची पाळणाघरं काढली, एक ते पाच वर्षांची मुलं सकाळी नऊ ते दुपारी एकपर्यंत तिथे, म्हणजे आई कामात असते नेमक्या त्या वेळात. मुलं बुडण्याचं प्रमाण तिथे खूप कमी झालं, आणि जागतिक आरोग्य संघटनाही आता लहान मुलांसाठी हाच उपाय पुढे ठेवते. तुमच्या वाडीवर आसपासच्या चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एखाद्या म्हाताऱ्या मावशीला रोजंदारी दिली आणि सावलीत पोरं एकत्र सांभाळली, तर तेवढाच फायदा होईल. हे उपकार म्हणून नाही, तळं आपण खणलंय म्हणून.

आणि हो, मुलाला पोहायला शिकवाच, पण शेततळ्यात नको. का, कसं, ते पुढच्या उत्तरात.

ताई, मुलगी 5 वर्षांची. धुळ्यात पूल आहे, उन्हाळी बॅचला घालावं म्हणतोय. पण ती पाण्याला घाबरते. माझे वडील म्हणतात आम्ही पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलो, दोन दिवसांत पोहायला लागलो, ढकलून दे. काय करू? — एक बाबा, धुळे

ढकलू नका. डबा बांधून शिकलेली पिढी पोहण्यात तरबेज होती यात शंका नाही, पण त्यात काका-मामा चार जण पाण्यात असायचे, दोर धरलेला असायचा, आणि जे शिकताना गेले त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही. घाबरलेल्या मुलाला ढकललं की ते श्वास आत ओढतं, पाणी छातीत जातं, आणि नंतर कित्येक वर्षं पाण्याकडे बघतसुद्धा नाही.

बॅच लावा. पाच वर्षं हे वय चांगलं आहे, शरीराला आणि समजेला दोन्हीला झेपतं. पण कोचला "किती दिवसांत पोहेल" हे विचारू नका. सगळे तेच विचारतात, म्हणून कोच घाईघाईने हात मारायला शिकवतात आणि पोरगी 15 दिवसांत आडवी पूल पार करते, तेवढ्यावर आपण खूश. तुम्ही विचारा, की पाठीवर किती वेळ तरंगेल? तोंडावर पाणी आलं तर न घाबरता श्वास सोडेल का? उडी मारल्यावर स्वतः वळून काठ धरेल का? काठावर हातांनी स्वतःला वर ओढून घेईल का? जीव वाचवणारं पोहणं हे आहे. फ्रीस्टाइल नंतर येतं.

बांगलादेशातल्या त्याच कामात थोड्या मोठ्या मुलांना साध्या गावतळ्यात, बांबूचा मंच बांधून शिकवलं, आणि पास कधी, तर 25 मीटर पोहता आलं आणि 30 सेकंद एका जागी तरंगता आलं की. शिवाय काठावरून दुसऱ्याला बांबू कसा द्यायचा हेही. मापं साधी आहेत, तुम्हीही हीच धरा.

क्रम साधारण असा असतो. पहिल्या दिवसांत फक्त पायरीवर बसून तोंडाने बुडबुडे काढणं, चेहरा भिजवणं. मग कोचच्या हातावर पाठ टेकून झोपणं, कान पाण्यात जाऊ देणं (यालाच मुलं सगळ्यात घाबरतात, घाई करू नका), मान सैल, पोट वर, हात पसरलेले. मग हात हळूहळू काढून घेणं. मग पोटावरून पाठीवर पालटणं. मग काठावरून पाण्यात उतरणं, वळणं, काठ धरणं. आणि शेवटच्या आठवड्यात एकदा तरी फ्रॉक आणि लेगिंग घालून हे सगळं करून घ्या, कारण मूल पाण्यात पडतं तेव्हा स्विमिंग कॉस्च्युम घातलेला नसतो आणि भिजलेले कपडे ओढतात.

दंडाला घालायचे फुगे मात्र नकोत. ते मुलाला पाण्यात उभं ठेवतात, म्हणजे नेमकी बुडणाऱ्याची स्थिती अंगात मुरते, आणि मुलाला वाटतं आपल्याला पोहता येतं. एके दिवशी फुगे न घालता ते पाण्यात उतरतं. आणखी एक, बॅचमध्ये एका कोचकडे पाच-सहाच्या वर लहान मुलं असतील तर दुसरी बॅच बघा, कोच पाण्यात असताना काठावर वेगळा लाइफगार्ड आहे का तेही बघा, तो मोबाइलमध्ये असेल तर तक्रार करा, लाजू नका. तुम्ही स्वतःही काठावरच बसा.

पूलमध्ये शिकलेलं नदीत तसंच चालत नाही हे तिला आत्तापासून सांगत राहा. पांझरा, गिरणा, तापी, कुठेही पात्रात वाळू उपसलेले खड्डे असतात, गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढे टाकलं की डोक्यावर पाणी. पावसाळ्यात हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की खाली तापीची पातळी बघता बघता चढते, आभाळ निरभ्र असलं तरी. गावात सूचना येते ती गंभीरपणे घ्यायची.

मागच्या महिन्यात माझा 3 वर्षांचा मुलगा शेजारच्या टाकीत पडला. लगेच काढला, खोकत होता. लोकांनी पाय धरून उलटा केला, पोट दाबलं. वाचला, पण मला वाटतं ते चुकीचं होतं. एकाने तर मिठात झोपवा म्हणून व्हॉट्सॲपचा मेसेज दाखवला. खरं काय करायचं असतं? — शहाद्याहून

ताई, मुलगा सुखरूप आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. तुमचा संशय बरोबर आहे.

उलटं धरून, गरगर फिरवून, पोट दाबून जे पाणी येतं ते पोटातलं असतं. त्याने उलटी होते आणि ती उलटी श्वासनळीत जाते. शिवाय त्यात मोलाची मिनिटं जातात. मिठाचा मेसेज तर निव्वळ खोटा आहे. मीठ अंगातलं पाणी ओढून घेऊन मेलेल्याला उठवतं असं काही नसतं, त्यावर विश्वास ठेवून लोक दवाखान्यात न नेता तासनतास बसून राहतात. तो मेसेज आला की पुढे पाठवू नका आणि पाठवणाऱ्यालाही सांगा.

मूल बाहेर काढलं की बघायचं, हाक मारली, हलवलं तर प्रतिसाद देतंय का, छाती वर-खाली होतेय का. रडत, खोकत असेल तर चांगलं लक्षण, कुशीवर झोपवा, ओले कपडे काढून कोरड्यात गुंडाळा. श्वास नसेल, किंवा मधेच एखादी उचकीसारखी धाप येत असेल, तर तोही श्वास नाही असंच धरायचं, आणि एकाने 108 ला फोन लावायचा, स्पीकरवर. मुलाला कडक सपाट जागी उताणं झोपवा, कपाळ मागे, हनुवटी वर. बुडालेल्याला आधी श्वास द्यायचा असतो, छाती दाबणं नंतर, कारण त्याचं हृदय प्राणवायू संपल्यामुळे थांबत आलेलं असतं. नाक चिमटीत धरून तोंडाने फुंका, अगदी तान्हं असेल तर नाक-तोंड दोन्ही आपल्या तोंडात घेऊन, छाती उचललेली दिसेल एवढंच. सुरुवातीला काही ठिकाणी 2 श्वास शिकवतात, काही ठिकाणी 5, दोन्ही चालतं. मग छातीच्या मधोमध एका हाताच्या तळव्याने दाबा, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, तान्ह्याला साधारण 4 सेंटिमीटर, मोठ्या मुलाला 5, मिनिटाला 100 ते 120 या वेगाने. 30 वेळा दाबणं, 2 श्वास, परत 30. मूल हालचाल करेपर्यंत किंवा गाडी येईपर्यंत थांबू नका. तुम्ही एकट्याच असाल आणि फोन हाताशी नसेल तर आधी दोन मिनिटं हे करा, मग मदत आणायला पळा. उलटी झाली तर कुशीवर वळवून तोंड पुसा आणि परत सुरू.

हे वाचून पूर्ण येत नाही, हाताला सवय लागते. सरकारी दवाखान्यात, रेडक्रॉसकडे, कॉलेजात बाहुलीवर शिकवतात, संधी मिळाली की जा, नवऱ्यालाही न्या.

आणि मूल ठीक दिसत असलं तरी, पाण्याखाली गेलं होतं आणि त्यानंतर खोकत होतं, म्हणजे त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. पहिले सहा-आठ तास महत्त्वाचे. खोकला वाढला, श्वास भरभर चालतोय, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, ओठ निळे, किंवा नेहमीच्या वेळेच्या बाहेर झोपाळू झालं, तर रात्र असली तरी निघा.

कानबाईच्या विसर्जनाला आम्ही सगळ्या बायका मुलांना घेऊन नदीवर जातो. मुलं ऐकत नाहीत, पाण्यात उतरतातच. — एक वाचक, चोपडा तालुका

कानबाई श्रावणात, म्हणजे नदीला पाणी असतंच, आणि गाणी, नाच, गर्दी यात सगळ्यांचं लक्ष देवीकडे. पोळ्याला बैल धुताना आणि गणपतीतही हेच. मुलांना घरी ठेवा असं मी म्हणणार नाही, तो त्यांचाही सण आहे. पण निघण्याआधी दोन बायकांची नावं ठरवा, त्या दिवशी त्यांनी फक्त मुलं बघायची, ना फुगडी ना फोटो, अर्ध्या तासाने दुसऱ्या दोघी. मुलं काठापासून लांब, एका जागी, पाण्यात फक्त पोहणारी मोठी माणसं. पाच वर्षांच्या आतलं मूल हाताच्या अंतरावर, म्हणजे हात लांब केला की धरता येईल एवढंच. होडीत बसायचं असेल, सारंगखेडा असो की प्रकाशा, मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट मागून घ्या, पायांमधून पट्टा असलेलं, नाहीतर पाण्यात जॅकेट वर राहतं आणि मूल खाली निसटतं. मिळालं नाही तर होडीत बसू नका.

मुलाला फिट येतात, वय 6. पोहायला पाठवू का? — भुसावळ

ज्या डॉक्टरांची गोळी चालू आहे त्यांना आधी विचारा, फिट आटोक्यात असतील तर बरेचदा परवानगी मिळते, पण त्याच्यासाठी वेगळा एक माणूस पाण्यात, हाताच्या अंतरावर, आणि कोचला आजार लपवायचा नाही. घरी आंघोळ तांब्याने, टबात बसून नाही, दाराला आतून कडी नाही.

मी धडगाव भागात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. नर्मदेचं बॅकवॉटर जवळ, मुलं रोज पाण्याकाठी. पूल नाही, कोच नाही. शाळेत काय शिकवू शकतो? — एक शिक्षक

सर, पुष्कळ. तुमच्याकडची बरीच मुलं पोहतात, तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा चांगली पोहत असतील, त्यामुळे त्यांना पोहण्यापेक्षा वाचवायचं कसं हे शिकवा. मैदानावर चुन्याची रेघ मारा, पलीकडे पाणी समजा. एक मूल "पाण्यात", बाकीच्यांनी आलटून पालटून दोर फेकायचा, दोराच्या टोकाला अर्धी पाणी भरलेली प्लॅस्टिकची बाटली बांधली की तो नेम धरून लांब जातो. रेघ ओलांडली तो बाद. मुलांना खेळ फार आवडतो आणि हात बसतो. रिकामी, झाकण घट्ट लावलेली दोन लिटरची बाटली छातीशी धरून पाठीवर कसं तरंगायचं हे जमिनीवर झोपूनच दाखवा, पाण्यात उतरवायची जबाबदारी शाळेने एकट्याने घेऊ नये. मोठ्या मुलांना हे सांगा की धाकट्या भावंडाला काठावर बसवून स्वतः उडी मारायची नाही. आणि बुडणारा माणूस ओरडत नाही, हात हलवत नाही, तोंड पाण्याच्या पातळीला, मान मागे, हात बाजूंना दाबतोय, शिडी चढल्यासारखा, आणि हे एखादं मिनिटच चालतं, कधी त्याहूनही कमी. हे चित्र काढून वर्गात लावा, पावरी-भिलोरीत दोन ओळी मुलांकडूनच लिहून घ्या, घरी आईबापांना तीच वाचून दाखवतील.

25 जुलै हा संयुक्त राष्ट्रसंघाने 2021 पासून बुडण्यापासून बचावाचा दिवस ठरवलाय. आपल्याकडे नेमका भर पावसाळा, त्या आठवड्यातला एक शनिवार यासाठी ठेवा आणि अंगणवाडीताई, आशाताई, होडी चालवणारे दोघं-तिघं यांनाही बोलवा. होडीवाल्यांना पाण्याचं जे कळतं ते आपल्याला कळत नाही, कुठे खोल आहे, कुठे बुडालेल्या झाडांचे बुंधे आहेत, कुठे गाळात पाय रुततो. त्यांच्याकडून काठाचा नकाशा काढून घ्या आणि शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला, रंगवून टाका. रंगाचा खर्च गावातून निघाला नाही तर मला कळवा, आपल्या वाचकांतून नक्की कोणीतरी पुढे येईल.